ड्रॉइंगला आवक-जावकाचं एक पान जोडा

लँडस्केप आर्किटेक्ट, उद्यान नियोजक आणि मोकळ्या जागांचे आराखडे मंजूर करणारे सर्व, यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

तुमची आणि माझी भेट सहसा होत नाही. तुमचं काम संपतं तिथे माझं सुरू होतं. फीत कापली जाते, फोटो निघतात, ड्रॉइंगची भेंडोळी कुणाच्या तरी कपाटात जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची नळी, खुरपं आणि झाडू घेऊन आम्ही आत शिरतो. तुम्ही आखलेल्या जागा सांभाळण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. त्यातल्या काही खरोखर देखण्या होत्या, काही अजूनही आहेत. पण त्या देखण्या राहाव्यात म्हणून फाटकातून रोज काय आत येतं आणि काय बाहेर जातं, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. प्रत्येक आराखड्याला एक जादा पान जोडा. कचेरीत आवक-जावक नोंदवही असते, त्या धर्तीचं. या जागेत वर्षभरात बाहेरून काय आणावं लागेल, इथून काय बाहेर टाकावं लागेल आणि हे किती वर्षं चालेल, एवढंच त्यावर लिहायचं. एका बाजूला पाणी, माती, खत, कीडनाशक, नवी रोपं, यंत्रांचं इंधन. दुसऱ्या बाजूला पाला, कापलेलं गवत, छाटलेल्या फांद्या, वाहून गेलेलं पावसाचं पाणी. पानाचे दोन्ही रकाने भरून वाहत असतील, तर ड्रॉइंगवर कितीही हिरवा रंग दिलेला असो, ती जागा सलाइनवर जगते आहे असं समजायचं.

हे माझं डोकं नाही. अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये ‘इकॉलॉजी’ हा शब्द घडवला, तो ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर या शब्दावरून. ‘इकॉनॉमी’चं मूळही तेच. घर चालवणाऱ्याला या दोन शब्दांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. डब्यात काय आहे, काय संपलं, उरलेल्याचं काय करायचं, हा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो. पुढे १९३५ मध्ये आर्थर टान्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘इकोसिस्टिम’ हा शब्द रूढ केला आणि झाडं, प्राणी, माती, पाणी, हवा ही सगळी एकाच खात्यावर आली. आपल्या आराखड्यांत ती अजून वेगवेगळ्या खात्यांवर आहेत. झाडांचं ड्रॉइंग एकाचं, गटारांचं दुसऱ्याचं, आणि मातीचं तर कुणाचंच नाही.

पाल्यापासून सुरुवात करतो, कारण माझा निम्मा दिवस त्यातच जातो.

झाडाने जमिनीतून वर ओढलेली द्रव्यं पानगळीतून खाली येतात. बुरशी, जिवाणू, गांडुळं आणि पैसाकिडे तो पाला कुरतडतात, पचवतात आणि मुळांना परत देतात. या कामाची मजुरी कुणाला द्यावी लागत नाही. आम्ही मात्र सकाळी सातला तो पाला झाडून गोळा करतो, पोत्यांत भरतो आणि गाडीत टाकतो. दोन महिन्यांनी त्याच फाटकातून खताची पोती आत येतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातले दळणारे आम्ही. नुकसान तिथेच थांबत नाही. पाला उचलला की जमीन उघडी पडते. उघड्या जमिनीवर पावसाचे थेंब आदळले की मातीची ढेकळं फुटतात, बारीक कण फटींत जाऊन बसतात आणि वर पापडी धरते. त्यानंतर आलेलं पाणी मुरत नाही, वाहतं. मग उन्हाळ्यात नळी जास्त वेळ चालू ठेवावी लागते. झाडू फिरवला एकच, पण खर्च खताच्याही खात्यावर पडला आणि पाण्याच्याही.

एका जागेत झुडपांखालचा पाला मी मुद्दाम राहू दिला. आठवड्यात तक्रार आली, ‘इथे कुणी झाडत नाही का?’ मी ताटव्याच्या कडेने विटांची एक सरळ ओळ बसवली. ओळीच्या आत पाला, बाहेर स्वच्छ झाडलेली वाट. तक्रार बंद झाली. पाला पूर्वी होता तेवढाच होता. जोन नॅसावर या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये हीच गोष्ट शास्त्रशुद्ध मांडली हे मला फार नंतर कळलं: विस्कटलेल्या दिसणाऱ्या निसर्गाला नेटकी कड दिली की लोक त्याला दुर्लक्ष न म्हणता निगा म्हणतात. ही विटांची ओळ तुम्ही ड्रॉइंगमध्येच काढून दिलीत तर माझ्यासारख्याला चोरून बसवावी लागणार नाही.

जमिनीत जिवंत मुळंच उरली नाहीत तर काय होतं, याचा मोठा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या डोंगराळ जंगलात बोरमन, लायकेन्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटं पाणलोट क्षेत्र निवडलं, १५.६ हेक्टरचं. १९६५च्या अखेरीस तिथली सगळी झाडं पाडली. लाकूड बाहेर नेलं नाही, रस्ता केला नाही, म्हणजे माती उगाच उकरली जाऊ नये. पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून काहीच उगवू दिलं नाही. ओढ्यातून वाहणारं पाणी पहिल्याच वर्षी सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं, कारण झाडं जे पाणी पानांतून हवेत सोडत होती तेही आता ओढ्याला मिळालं. इथवर ठीक होतं. पण त्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे मुळं शोषतात ते विरघळलेलं नत्र, पहिल्या वर्षी चाळीसपटीहून जास्त झालं. माती कुजवत राहिली, पण कुजून तयार झालेलं घ्यायला मुळं नव्हती, म्हणून सगळं वाहून गेलं. ओढ्यात शेवाळ माजलं. तणनाशक बंद करून वाढू दिल्यावर, जंगल पूर्ण उभं राहायच्या पुष्कळ आधी, ही गळती ओसरली. जमिनीतला ऐवज झाडांच्या उंचीने सांभाळला जात नाही, जिवंत मुळांनी सांभाळला जातो. मग ती मुळं गवताची असोत की बांधावरच्या झुडपांची.

आपल्या कामात हे उलट्या क्रमाने चालतं. जागा ‘साफ’ करून द्या, हे निविदेतलं पहिलं कलम. जेसीबी येतो आणि आहे ते सगळं खरवडून काढतो. वरची वीतभर काळी माती भरावात जाते किंवा विकली जाते. मग दोन वर्षं बांधकामाची वाहनं त्या जमिनीवरून फिरतात. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा पोकळी असते, त्यात काही हवा, काही पाणी. जड वाहनाच्या पहिल्या काही फेऱ्यांतच ती पोकळी बहुतांशी दबून जाते. त्या विटेसारख्या घट्ट जमिनीत मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा खणून झाड लावतात आणि ड्रॉइंगवर त्याच्या भोवती बारा मीटर व्यासाचं हिरवं वर्तुळ काढतात. तो खड्डा म्हणजे एक घनमीटर माती. मोठ्या झाडाला नीट वाढायला तीसेक घनमीटर मोकळी माती लागते, असा जाणकारांचा अंदाज आहे. ते झाड कुंडीत लावलेलं आहे, फक्त कुंडीच्या भिंती दिसत नाहीत. सात-आठ वर्षांनी ते वाळायला लागलं की आम्हाला विचारतात, पाणी घालत नव्हता का?

माती तयार व्हायला किती वेळ लागतो याचा अंदाज माणसाच्या आयुष्याच्या मापात देणारा एक प्रयोग मला फार आवडतो. चार्ल्स डार्विनने आपल्या घराजवळच्या एका शेतावर १८४२च्या डिसेंबरात खडूचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. एकोणतीस वर्षं. १८७१ मध्ये तिथे चर खणला तेव्हा ती पांढरी ओळ जमिनीखाली सात इंचांवर सापडली. गांडुळं खालची माती विष्ठेतून वर आणून टाकत गेली आणि तुकडे खाली जात राहिले. ज्या माणसाकडे जगभरच्या प्रवासाच्या नोंदी होत्या, त्याने म्हातारपणी गांडुळांचा हिशेब मांडला: इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी त्यांच्या शरीरातून जाते. म्हणजे तुमच्या जागेत हे मजूर आधीच कामावर असतात. जेसीबी आणण्यापूर्वी त्यांची हजेरी घेतलीत, तर पुढे कितीतरी खर्च वाचेल. किमान एवढं करा: जिथे बांधायचं नाही तिथे पहिल्या दिवशी कुंपण घाला, आणि वाहनांचा रस्ता ड्रॉइंगवर एकच आखून द्या.

‘मग चांगली माती आणून टाकू, भरपूर खत घालू,’ असं तुम्ही म्हणाल. खताचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे १८५६ पासून एका गवताळ कुरणावर प्रयोग चालू आहे, आजही. तो सुरू करणाऱ्या लॉज आणि गिल्बर्ट यांना फक्त पाहायचं होतं की कोणत्या खताने चारा जास्त येतो. चारा वाढला. पण काही वर्षांतच तुकड्या-तुकड्यांतला फरक लांबून दिसायला लागला. ज्या तुकड्यांना कधीच खत दिलं नाही, तिथे आजही चाळिसाच्या आसपास जातींची गवतं आणि फुलझाडं गुण्यागोविंदाने राहतात. जिथे वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट हे माती आंबट करणारं नत्राचं खत पडलं आणि आंबटपणा मारणारा चुना पडला नाही, तिथे दोन-तीन जाती उरल्या. जेवण भरपूर वाढलं की दांडगे पुढे सरसावतात आणि बाकीच्यांवर सावली धरतात. गरीब मातीत कुणालाच एकट्याने माजता येत नाही, म्हणून तिथे गर्दी निभते. फुलांची विविधता हवी असेल तर कित्येकदा माती सुधारण्याचा मोह आवरावा लागतो, हे मला शिकायला वीस वर्षं लागली. ओसाड मुरमाड तुकडा दिसला की त्यावर लाल मातीचा ट्रक रिकामा करायचा, ही आमची सवय तुमच्या ड्रॉइंगवरूनच आली आहे.

आता पाणी. इथे गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर फरशीवर पन्नास मिलिमीटरची एक सर आली की पाच हजार लिटर पाणी झालं, अर्ध्या पाण्याच्या टँकरएवढं. तुमच्या आराखड्यात ते पाणी उताराने चेंबरमध्ये, चेंबरमधून पाइपात आणि पाइपातून कुठेतरी ‘बाहेर’ जातं. उन्हाळ्यात तोच टँकर फाटकातून आत येतो. ताटवे आपण आजूबाजूच्या वाटेपेक्षा वीतभर उंच बांधतो, कडेला कठडा घालतो, म्हणजे वाटेवरचं पाणी चुकूनही झाडांना मिळू नये. ताटवा वीतभर खाली घ्या आणि कठड्याला जागोजाग खाच ठेवा. ज्यादा खर्च काही नाही. फक्त समपातळीच्या रेषा काढताना पेन्सिल दुसऱ्या बाजूला वळवायची आहे.

पाण्याला सरळ करण्याची हौस मोठ्या प्रमाणावर केली की काय होतं, ते फ्लोरिडातल्या किसिमी नदीने दाखवलं. वळणं घेत १६६ किलोमीटर वाहणारी ही नदी १९६२ ते १९७१ या काळात ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात बसवली गेली. काठावरची पाणथळ जमीन सुकली आणि हिवाळ्यात येणारी पाणबदकं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. कालवा पुरा होतो न होतो तोच तो बुजवण्याची मागणी सुरू झाली. १९९९ मध्ये काम सुरू झालं आणि २०२१ मध्ये संपलं, तेही कालव्याचा साधारण ३५ किलोमीटरचाच भाग बुजवून. सरळ करायला नऊ वर्षं, वाकडं करायला बावीस.

याच्या उलट उदाहरण सेऊल शहरातल्या चोंग्येचॉन ओढ्याचं. ओढ्यावरचं काँक्रीट आणि त्यावरचा उड्डाणपूल काढून २००५ मध्ये तो पुन्हा उघडा केला. लोकांना ती जागा मनापासून आवडते, आसपासची हवा थंड झाली, मासे-पक्षी आले, हे सगळं खरं. पण त्यातलं पाणी रोज सुमारे १,२०,००० टन या हिशेबाने मुख्यतः हान नदीतून पंप करून आणावं लागतं. मी त्याला खोटा ओढा म्हणणार नाही. दाट वस्तीत मुळचा झराच उरला नसेल तर दुसरं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण आवक-जावकाच्या पानावर हा आकडा पहिल्याच ओळीत आला पाहिजे, म्हणजे मंजुरी देणाऱ्याला कळेल की तो ओढा आणि विजेचं बिल अशा दोन गोष्टींना एकदम मंजुरी देतो आहे.

झाडांच्या यादीबद्दल बोलताना मला थोडा राग येतो, तो समजून घ्या. तुमच्या यादीत एका ओळीत एकाच जातीची साठ झाडं असतात, सगळी एकाच उंचीची, एकाच रोपवाटिकेतली, बहुधा एकाच मातृवृक्षाची कलमं. ड्रॉइंगवर ते रांगेत उभ्या शिपायांसारखं सुबक दिसतं. उत्तर अमेरिकेत असे एल्म नावाच्या झाडांचे रस्ते होते, दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींना भिडून कमान होणारे. १९३०च्या सुमारास तिथे डच एल्म रोग पोचला. भुंगेरे बुरशी घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर गेले, जमिनीखाली गुंतलेल्या मुळांतूनही रोग पसरला आणि कोट्यवधी एल्म गेले. रिकाम्या रस्त्यांवर मग कित्येक शहरांनी काय लावलं? अ‍ॅश. पुन्हा ओळीने. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला, जो अ‍ॅशची साल पोखरतो. आता अ‍ॅशही कोट्यवधींनी गेले आहेत. अ‍ॅशच्या तीन-चार वेगवेगळ्या जाती लावून ज्यांनी ‘आम्ही वैविध्य राखलं’ म्हटलं होतं, त्यांचंही काही वाचलं नाही, कारण तिथल्या जवळजवळ सगळ्याच जाती भुंगेऱ्याला चालल्या.

फ्रँक सँटामूर या वृक्षतज्ज्ञाने १९९० मध्ये, म्हणजे हा भुंगेरा सापडण्याच्या बारा वर्षं आधी, एक सोपा नियम मांडला होता: शहरातल्या झाडांत एक जात १० टक्क्यांहून, एक प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) २० टक्क्यांहून आणि एक कुळ ३० टक्क्यांहून जास्त नसावं. नियम ढोबळ आहे, त्यावर वाद आहेत. कलमांमधल्या सारखेपणाकडे तो पाहत नाही. तरी माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक याद्या या ढोबळ नियमातसुद्धा बसल्या नसत्या.

आणि ‘कीड लागत नाही’ हा गुण म्हणून लिहिलेला असतो! ज्या झाडाला कुणीच खात नाही, ते त्या जागेच्या दृष्टीने पडद्यावरच्या चित्रासारखं आहे. १९४२ मध्ये रेमंड लिंडमन या तरुणाचा मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यावरचा निबंध छापला गेला. छापून येण्याआधीच तो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला होता. सूर्याची ऊर्जा वनस्पतीतून शाकाहाऱ्याकडे, तिथून मांसाहाऱ्याकडे जाताना प्रत्येक पायरीवर बहुतेक गळून जाते, हा हिशेब त्याने घातला. ढोबळमानाने दहातला एक वाटा पुढे जातो. म्हणून एक पक्षी जगवायचा तर खाली ढीगभर अळ्या हव्यात आणि अळ्यांखाली त्यांना पचणारी पानं हवीत. बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत फार नखरेल असतात. हजारो वर्षं ज्या झाडांच्या संगतीत वाढल्या त्यांचाच पाला त्यांना चालतो. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या घरांच्या बागांमध्ये कॅरोलायना चिकॅडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतल्या एकूण झाडोऱ्यात स्थानिक वनस्पतींचा भाग ७० टक्क्यांच्या खाली गेला की पिल्लांना पुरेशा अळ्या मिळत नाहीत आणि पक्ष्यांची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. हा आकडा दुसऱ्या खंडात, दुसऱ्या पक्ष्याला जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. पण त्या अभ्यासात उरलेल्या ३० टक्क्यांत परक्या फुलझाडांना जागा होती, हेही ध्यानात घ्या. परकं ते सगळं उपटा असं म्हणणारे कट्टर लोक मला तुमच्याइतकेच अवघड वाटतात.

मात्र ‘भराभर वाढतं, कुठेही जगतं, पाणी लागत नाही’ असं वर्णन असलेल्या रोपापासून चार पावलं लांब राहा. कुडझू ही आशियाई वेल अमेरिकेत १८७६च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात शोभेची म्हणून मांडली होती. १९३०च्या दशकात धूप थांबवण्यासाठी सरकारनेच तिची कोट्यवधी रोपं वाटली. वर्णन शंभर टक्के खरं निघालं.

आता वेळेबद्दल. तुमचं ड्रॉइंग एका दिवसाचं असतं. झाडं त्यात पूर्ण वाढलेली असतात आणि झुडपंही त्यांच्याखाली पूर्ण उन्हात फुललेली असतात, जे एकाच वेळी कधीच घडत नाही. पहिल्या वर्षी सगळीकडे ऊन असतं. दहाव्या वर्षी उन्हाची झुडपं सावलीत कुढत असतात आणि आम्ही दर मोसमाला तीच मेलेली रोपं काढून तीच नवी लावतो, कारण करारात तीच नावं आहेत. निसर्गात जागेची वस्ती बदलत जाते, एक पिढी दुसरीसाठी जमीन तयार करते. तुम्ही मूळ ड्रॉइंगलाच कायमचा कायदा केलात की आमचं काम जागा सांभाळण्याऐवजी घड्याळ मागे ओढून धरण्याचं होतं.

बर्लिनमधलं झ्यूडगेलेंडं नावाचं उद्यान पाहून यावं असं फार वाटतं. रेल्वेचं मालगाड्यांचं यार्ड, १९५२ मध्ये बंद पडलेलं. रूळ तसेच राहिले आणि त्यांच्या मधून गवत, मग झुडपं, मग बर्च आणि रॉबिनिया उगवले. १९८०च्या सुमारास गणना केली तेव्हा तीनशेहून जास्त जातींच्या वनस्पती निघाल्या, कुणी एकही न लावलेल्या. तिथे नवं मालस्थानक करायचा बेत होता, तो लोकांनी अडवला. २०००मध्ये अठरा हेक्टरचं ते रान उद्यान म्हणून उघडलं. रचनाकारांनी काय केलं? जुने रूळ आणि फलाट यांच्याच वाटा केल्या, नाजूक भागावरून जमिनीपासून उचललेला लोखंडी मार्ग नेला, आणि जागा वाटून टाकली: काही भागात झाडी हवी तशी वाढू द्यायची, काही गवताळ तुकडे मात्र कापून, चारून मोकळे ठेवायचे, नाहीतर तेही झाडीखाली जातील. म्हणजे कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हाच त्यांचा आराखडा. अशा आराखड्याला मोबदला कमी मिळत असेल तर ती टक्केवारीची पद्धत बदलायला हवी. बांधकामाच्या खर्चावर टक्के घेणाऱ्याला काहीच न बांधण्याचा सल्ला परवडत नाही, हे मला समजतं.

मेलेल्या लाकडाचंही थोडक्यात सांगतो. फिनलंडच्या जंगलांतल्या सजीवांपैकी २० ते २५ टक्के जाती कधी ना कधी मेलेल्या, कुजणाऱ्या लाकडावर अवलंबून असतात. आमच्याकडे वाळकी फांदी दिसली की त्याच दिवशी तोडायचा आदेश येतो. वाटेवर वाकलेली असेल तर तोडलीच पाहिजे, माणसाच्या डोक्यावर पडणारं काही मी राखणार नाही. पण ओंडका कोपऱ्यात आडवा ठेवायला परवानगी लागू नये.

तुमच्या बाजूचंही मला दिसतं. मालकाला उद्घाटनाच्या दिवशी हिरवंगार हवं असतं. लॉनवर पोरं लोळतात, खेळतात. जिथे खेळायचंय तिथे लॉनइतकं बरं काही नाही, तिथे ते मी आनंदाने कापत राहीन. रात्री माणसं जातात त्या वाटेला दाट झुडपं नकोत, समोरचं दिसलं पाहिजे. या गरजा खऱ्या आहेत. माझं भांडण ज्या लॉनवर कधी कुणी पाऊल टाकत नाही, ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी असते, आणि तरी ते आठवड्याला कापावं लागतं, त्या लॉनशी आहे. तेच गवत मोसमात एक-दोनदा कापलं तर त्यात फुलं येतात, बी धरतं, टोळ आणि फुलपाखरं येतात, आणि कडेने यंत्राचा एक पट्टा मारला की ते मुद्दाम राखल्यासारखंही दिसतं.

तर ते पान. त्यावर पहिलं वर्ष, पाचवं वर्ष आणि विसावं वर्ष असे तीन रकाने करा. पाण्याची ओळ विसाव्या वर्षी शून्याजवळ यावी; येत नसेल तर का, ते लिहा. खताची ओळ पाचव्यालाच थांबावी. बाहेर जाणाऱ्या पाल्याच्या ओळीसमोर कंपोस्टचा खड्डा ड्रॉइंगवर कुठे आहे त्याचा क्रमांक टाका. मी सांभाळलेल्या एकाही जागेत तो मूळ आराखड्यात नव्हता, दर वेळी पंपघराच्या मागे लपूनछपून करावा लागला. खाली एक मोकळी जागा सोडा, सांभाळणाऱ्याने दरवर्षी शेरा लिहायला: कुठे पाणी साचलं, काय आपोआप उगवलं, काय तीनदा लावून तीनदा मेलं. आणि तिसऱ्या वर्षी एकदा स्वतः येऊन तो शेरा वाचा. सकाळी सातला या, तेव्हा आम्ही सगळे असतो. पाला झाडायच्या आधी आलात तर बरं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुमच्यानंतर आत येणारा एक